मागच्या भिंतीजवळची खुर्ची

मी, भिमाजी पुंजा गांगुर्डे, वय ७१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार नाशिक रोड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा महेश यास. पत्नी लंकाबाई हयात नाही, तेव्हा यावरून भांडायला कोणी उरलेले नाही.

२. माझ्या पाठाच्या टाचणवह्या, नग एकतीस, रद्दीत द्याव्यात. पहिल्या वर्षीची मनापासून लिहिली. पुढची तीस वर्षे तीच उतरवली, फक्त तारखा बदलल्या. मुख्याध्यापक सही करत, वही कपाटात जाई. आमच्याकडे दुसऱ्याच्या तासाला बसणे म्हणजे पाळत ठेवणे, आणि विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणे. ही रीत मी मोडली नाही, उलट पाळायला लावली.

३. २००४ साली संध्या अहिरे ही तेवीस वर्षांची मुलगी मनमाडहून शाळेत लागली. तिसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत सर्वांसमोर म्हणाली, "सर, भागाकारात मधे शून्य आलं की माझी पोरं अडकतात. तुमच्या तासाला मागे बसू का?"

मी म्हणालो, "डी.एड. काय मनमाडच्या फलाटावर केलं का?"

सगळी स्टाफरूम हसली. तीही हसली. पुन्हा तिने कोणाला काही विचारले नाही. खरे हे, की ते शून्य मलाही शिकवता येत नव्हते. मी फळ्यावर उत्तर लिही, मुले उतरवून घेत. याची मला लाज वाटते.

४. संध्याबाई आता त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. माझी सून हर्षाली तिथेच चौथीला शिकवते. जूनमध्ये तिने बैठकीत तेच शून्य विचारले. संध्याबाईंकडून उत्तर मिळाले, "एवढंही येत नाही? घरी सासरे आहेत ना, त्यांना विचारा."

तिने घरी येऊन विचारले. मी म्हणालो, बघू. दिवाळीनंतर तिने विचारणेच सोडले. आता तीही तारखा बदलते. जेवताना तिचा चेहरा दिसतो, आणि माझ्याने काही होत नाही.

५. माझी लाकडी खुर्ची हर्षालीच्या वर्गात मागच्या भिंतीजवळ ठेवावी. ज्या शिक्षकाला शिकायचे असेल त्याने तासाला तिथे बसावे. यास मुख्याध्यापिकांची परवानगी लागेल. कलम तीन त्यांच्या नजरेस पडावे म्हणूनच त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. तोंडाने माफी मागणे मला जमलेले नाही.

नाशिक रोड, ८ डिसेंबर २०२५
(सही) भि. पुं. गांगुर्डे

साक्षीदार :
१. (सही) अमित देवरे, वकील
२. (सही) संध्या अहिरे, मुख्याध्यापिका

सहीनंतर हाताने लिहिलेले : साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. तरी मी म्हणालो, "संध्याबाई, वाचून घ्या. काही विचारायचं असेल तर विचारा."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "नाही सर," म्हणाल्या, "मला काही विचारायचं नाही."