दोन रेघा

१४ फेब्रुवारी, दुपारी पावणेदोन. डबा उघडून तसाच ठेवला आहे.

वहिनींस,

सप्रेम नमस्कार. मी इकडे ठीक आहे. आईच्या गुडघ्याचं तेल पाठवलं आहे, मिळालं असेल. चिमणीचा खोकला कसा आहे? तिच्या गालातून कापूस फिरवून नेला तेव्हा विचारत होती ना, "काकाला माझी थुंकी कशाला?" प्रयोगशाळेतल्या मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या.

तुम्ही म्हणालात, फोन नको, चिमणी कान लावून असते. जे असेल ते लिही. म्हणून लिहितो.

जेल लावायचं काम माझं. पावडर उकळून साच्यात ओतायची, त्यात कंगवा उभा करायचा. गोठली की कंगवा अलगद काढायचा, खाली खाचा राहतात. एकेका खाचेत एकेक नमुना. मग वीज सोडायची. डीएनएचे लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. शेवटी अंधारात खास दिव्याखाली रेघा चमकतात. दादा सगळ्यांना सांगायचा, "आमच्याकडे दहावी नापास शास्त्रज्ञ आहे."

मुलाला एक रेघ आईकडून मिळते, एक बापाकडून. चिमणीच्या दोन रेघांपैकी वरची तुमच्या रेघेशी जुळली. राहिली खालची.

जळालेल्या टेम्पोत एकच माणूस सापडला, हे तुम्हाला माहीत आहे. दादा आधी उतरला असेल, गाडी जोडीदाराने पुढे नेली असेल, असं आपण सगळेच धरून होतो. मीही. तो चहासाठी कुठेही उतरायचा.

नमुने घरचे म्हणून मॅडमनी मला हात लावू दिला नाही. पण जेल आदल्या दिवशी मीच ओतलेलं होतं. त्यांनी फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, कंगवा वाकडा बसला होता. जेल पातळ होतं. माझंच चुकलं."

चार वर्षांत माझं जेल कधी बिघडलेलं नाही. त्या दिवशी बिघडलेलं असावं असं फार वाटत होतं.

मॅडमनी दुसऱ्या सहाय्यकाकडून नवीन जेल ओतून घेतलं, सगळं पहिल्यापासून केलं. एका जागेवर विसंबायचं नसतं, म्हणून डीएनएवरच्या आणखी जागा तपासल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. त्या येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "तुझं जेल चांगलंच होतं रे. दोन्हीकडे तेच आलं."

वहिनी, चिमणीची खालची रेघ टेम्पोतल्या त्या माणसाच्या रेघेशी जुळते. सगळ्या जागी. तो दादाच आहे.

आईला तुम्ही काही सांगू नका, ते मी करेन. रविवारी सकाळी पोचतो. तिच्यासमोर तोवर कसं वागायचं, हे मला सुचत नाही; तुमच्यावर टाकतो आहे, माफ करा. चिमणीचं काय, ते दोघं मिळून ठरवू. दादाचा ताबा घ्यायला मी जाईन. तुम्ही यायचं म्हणालात तर अडवणार नाही, पण चेहरा बघायला मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

पाकिटावर मी नेहमीसारखंच 'सौ.' लिहिणार आहे. तुमच्याआधी पोस्टमनला कळायला नको.

तुमचा,
धाकटा दीर