डोंगराकडची भिंत

मुलुंड (पश्चिम)
९ मे

प्रिय बाळा,

आशीर्वाद. तुम्ही दोघं ठीक असाल असं धरून चालते. चेतनाने पाठवलेल्या कोकमांना ऊन कमी पडलं होतं, मी ती पुन्हा वाळवली. तिला सांग, राग मानू नये. आंबोली घाटाच्या दमट हवेत दुसरं काय होणार.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलले की आई ऐकते. दोन खोल्यांत आडोसा कुठून आणू? बाहेर जाऊन फोन करावा तर तू मध्येच बोलतोस. म्हणून लिहिते.

डोंगराकडच्या भिंतीचे पत्रे बदलायला काढलेत. गंजून चाळण झाली होती. नवे निळे घ्यावेत असं शेजारीण प्रेमाचं मत, हिरवेच हवेत असा आईचा हट्ट. दादांनी हयातीत शेवटचा पत्रा लावला तो हिरवा होता, म्हणून. रंगावरून दोघींचं बोलणं बंद आहे. मला शांतता मिळाली.

दादांची पद्धत तुला आठवत असेल. पावसाआधी जुन्या पत्र्यावरच नवा ठोकायचा. गावाला पावसाची झड बसते त्या बाजूला माडाच्या विणलेल्या पानांचे झाप एकावर एक बांधतात, तसंच. जुना काढायचा नाही. दादांनंतर घरात तेच चालू राहिलं. यंदा पत्रे लावणारा नितेश म्हणाला, वजन फार झालंय, सगळे उतरवू या. उतरवले.

भिंत शेवाळाने हिरवीगार निघाली. झड तिला कधी लागलीच नव्हती. पाणी डोंगराच्या पोटातून येत होतं आणि आपण बाहेरून छत्री धरून बसलो होतो. आतल्या बाजूला दादांनी प्लायवूड मारलं होतं, त्यामुळे ती आतूनही कधी दिसली नाही. तेही मी काढायला लावलं. भिंतीला पोट आलंय. कोपऱ्यातून एक भेग खाली उतरते. तिच्यात बोट घातलं तर ओली माती हाताला लागते. ही भेग आईच्या खाटेमागे आहे. खाट मी दारापाशी ओढली आहे. तिला सांगितलं, इथे वारा चांगला लागतो.

नितेश म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. नवा पत्रा मारून टाकतो, एकदम झकास. कोणाला दिसणार पण नाय."

"मला दिसलंय," मी म्हटलं. "तेवढं पुरे." पत्रे परत पाठवले. सध्या भिंतीवर आतून-बाहेरून ताडपत्री आहे. परवा अवेळी सर आली, तेव्हा जेवताना ताडपत्रीमागे खडे पडल्याचा आवाज आला. आईने विचारलं, कसला आवाज? उंदीर, म्हटलं. रिकामं करा म्हणून पालिकेची नोटीस दरवर्षी येते, यंदाही आली आहे. यंदा मी ती दोनदा वाचली.

आता कामाचं. पावसाआधी आईला इथून हलवायचं आहे. मी गोरेगावला श्वेताकडे जाईन. कॉलेजातली मैत्रीण आहे, खोली देते म्हणाली. आई तिच्याकडे राहणार नाही, तिने तुझ्याकडे यावं. पण ती ऐकत नाही. "तुझ्या बापाशीन देवाचो कौल घेवन ह्या घर घेतल्यान. सोडूचा तर तेचोच कौल व्हयो." भेग दाखवली तर म्हणाली, "माका पण सुरकुत्यो आसत."

मूर्तीवरची पाकळी कुठल्या बाजूला पडते त्यावर माणसाने घर सोडावं की नाही हे ठरवणं मला पटत नाही, तुला ठाऊक आहे. तरीही लिहिते: गावी जा. गुरवाकडून कौल लावून घे. उजवा, म्हणजे होकार, आला की लगेच कळव.

डावा आला तर काय, हे लिहीत नाही.

तुझी,
ताई


मुलुंड
२१ मे

बाळा,

तुझा मेसेज मी बाजारात उभी असताना वाचला. "डावा आला. पुन्हा लावला. डावाच. आईला खरं काय ते सांग ताई, देवाच्या नावाने खोटं नको."

भाजी न घेताच परत आले. आतली ताडपत्री खालून फुगली होती. हात लावला तर मागे माती. ती आपोआप आलेली नाही, डोंगराने ढकलली आहे. वर आभाळ भरलेलं.

आई दारातच बसली होती. "बाळ्याचा काय इला?"

तू देवभोळा आहेस, मी नाही. तरी तिच्यासमोर तुझा मेसेज मी पुन्हा वाचला. तुझं म्हणणं मी पूर्ण विचारात घेतलं, हे तुला माहीत असावं. खरं सांगितलं असतं तर तिने खाट पुन्हा भिंतीला लावली असती.

"उजवा आला," मी म्हटलं.

"बाळ्यान सोताच्या डोळ्यांनी बघल्यान?"

"हो. दोनदा लावला. दोनदा उजवा."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. तिला कळलं असं मला वाटलं. मग म्हणाली, "तू म्हणतंस म्हणजे खराच. तू काय खोटा बोलूचंस नाय."

बाळा, ह्याच एका वाक्यावर ती उठली. देवाच्या भरवशावर नाही, माझ्या. तिने देवाचे टाक फडक्यात बांधले, लुगडी काढली, प्रेमाला हाक मारून तुळशीची कुंडी दिली आणि वर टोमणाही दिला: "निळ्या पत्र्याखाली ठेव, तुका आवडता ना." प्रेमा रडली. आई रडली नाही.

शनिवारी गाडी करून मी तिला घेऊन निघते. सोबत एक पत्रा येईल. दादांनी शेवटचा लावलेला, हिरवा. तो घेतल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणते. टपाला बांधून आणते. कडा गंजल्या आहेत, उतरवताना हातमोजे घाल.

ती पडवीत बसून तुला कौलाचं विचारेल. पुन्हा पुन्हा विचारेल. तू मान हलव आणि आत जा. तेवढंही जमत नसेल तर शनिवारी घरी थांबू नकोस. चेतना सांभाळेल.

देवळात जाशील तेव्हा गाऱ्हाणं घाल आणि त्यात माझं नाव घे. बोलली ती हेमांगी, बाळ्या नव्हे, असं स्पष्ट सांग. काय शिक्षा द्यायची ती देवाने मला द्यावी म्हणावं.

आणि तो पत्रा तुझ्या पडवीच्या झडीकडच्या बाजूला लाव. पण जुन्यावर ठोकू नकोस. आधीचा काढ, भिंत नीट बघ, मग लाव.

देवाच्या नावाने आयुष्यात एकदा खोटं बोलले, ते तुझ्याकडे ठेवायला देते आहे.

तुझी,
ताई