तारेवर न टाकलेला लेसो

प्रिय अपोंडी,

तिकडे होमा बे गावात तुझी मुलं आजीपाशी रुळली, असं शेजारची अकोथ म्हणाली. माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

इथे किसुमूत तुझ्या खोलीला अजून कुलूपच आहे. वाय-फायचं पॅकेज आता अकोथ आणि मी दोघींत घेतो. नियम तेच. पासवर्ड एक, एका वेळी फोन दोनच, तिसरा शिरला की सगळ्यात आधीचा बाहेर. म्हणून जिचा फोन चालू तिने कमरेला गुंडाळलेला लेसो अंगणातल्या तारेवर टाकायचा, आणि दोन लेसो दिसले की तिसरीने थांबायचं. ही युक्ती तुझीच.

त्या शनिवारी तारेवर दोनच लेसो होते, तुझा आणि माझा. तरी माझा फोन बाहेर फेकला गेला. बरेच दिवस हेच चाललं होतं. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! "भावाला पासवर्ड देतेस आणि वर नर्सिंगच्या अभ्यासाचा आव आणतेस? चोरटी कुठली!" तू एवढंच म्हणालीस, "अविनो, त्याच्याकडे बटणांचा फोन आहे गं." मी ऐकलं नाही. पासवर्ड बदलला. तुझी परीक्षा तोंडावर होती हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तू मुलांना घेऊन निघालीस, तेव्हा मी दारात मान खाली घालून तांदूळ निवडत होते.

काल अकोथने लेसो टाकला, फोन वाय-फायला जोडला आणि माझा बाहेर फेकला गेला. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तर चुलीपाशी चर्चची गाणी चालूच! माझा जुना, काच फुटलेला फोन. रोज रांधताना लावते ना मी. नवा पासवर्डही मीच त्यात घातला होता. पण त्याच्यासाठी लेसो टाकायचं एकदाही सुचलं नाही. तिसरा फोन माझाच होता गं. आणि खरं सांगू? आधी मी तो गुपचूप बंद करून पिठाच्या डब्यामागे लपवला. इतकी मी हलकी.

फोनवर निरोप पाठवला असता, तर माफी तुझ्या-माझ्यातच राहिली असती. चोर मात्र मी तुला चारचौघींत म्हटलं. म्हणून हे कागदावर लिहिलं, आणि आज सकाळी सगळ्या बायांना अंगणात बोलावून वरचं सगळं मोठ्याने वाचलं. 'चोरटी'पाशी मी अडखळले. अकोथ म्हणाली, "वाच की! त्या दिवशी कुठे अडखळलीस?" मग ते वाक्य मी पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

तुझीच, म्हणू देशील तर,
अविनो