माळढोकाच्या वाट्याचं गवत

चाचा,

आज आश्विन वद्य दशमी, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. गवताच्या पेंढ्या मोजून झाल्या, हात धुतले आणि लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं. तरी ऱ्हस्व-दीर्घ बघूनच लिहितो आहे. या सरकारी कुरणाची तुमची रखवाली आता माझ्याकडे आहे. दौलताबादकडचा आपला माळ तसाच कोरडा. पाऊस इथवर येईपर्यंत हात आखडतो. बादशहाच्या फौजेची घोडी याच गवतावर जगली, असं तुम्ही सांगायचात. आता छावणीची जगतात, आणि त्या सगळ्यांच्या आधीपासूनची हरणं, लांडगे, माळढोक.

कापणीचं माझं पहिलं वर्ष आठवतं. गवतातल्या उघड्या जमिनीवर माळढोकाचं एकुलतं अंडं दिसलं. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी शेजारी काठी रोवली, तिला लाल चिंधी बांधली आणि शाबासकी घ्यायला तुमच्याकडे आलो. तुम्ही चिलीम खाली ठेवता. "मुन्शीजी, ये झंडा कायकू लगाया? पाखराला वाचता येतं व्हय?" सगळे हसतात, तुम्ही हसत नाही. मादी परतली नाही. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी अंडं फोडलेलं होतं. माळावर नवी वस्तू उभी राहिली की सगळ्यांचे डोळे तिकडं वळतात, एवढंच तुम्ही म्हणालात. मग मला उभं करून काठीविना जागा लक्षात ठेवायला शिकवलंत: समोर किल्ल्याचं टोक हिवराच्या झाडाच्या शेंड्यावर आणायचं, डावीकडं दर्ग्याचा घुमट टेकडीच्या खाचेत. दोन्ही जुळली की थांबायचं. पुढची वीस पावलं मादीची.

आज सकाळी मी असेच विळे थांबवले. मुकादम वैतागला. "मधलंच का सोडायचं? दारोगासाहेबाचं घोडं इथं जेवायला येणार हाय व्हय?"

"माळढोक बसलीय."

"दिसत तर नाय."

"दिसली असती तर राहिली नसती."

दुपारी दारोगा तपासणीला आले. सरकारी गवत सोडलं की नोकरी जाते, हे मला ठाऊक होतं. तरी मधलं गवत का उभं ठेवलं, ते सांगितलं.

"दाखव."

"हुजूर, दाखवायला गेलो तर ती उठेल. पुन्हा बसेल याची हमी मला देता येणार नाही."

"और न उठी तो?"

"तर महिन्याभरात पिल्लू चालायला लागेल."

 दारोगांनी लगाम वळवला. "वो टुकडा आखिर में काटो."

चाचा, हा कागद घडी घालून माझ्याजवळच राहणार आहे, म्हणून सांगतो. तीन दिवसांपूर्वी मी मादीला त्या गवतात शिरताना पाहिलं, तेवढंच. अंडं पाहिलेलं नाही. पेंढ्या दोनदा मोजणारा, कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारा मी; पण आत जाऊन बघितलं नाही, आणि बघणारही नाही.