चौथ्यांदा गोळ्या देऊ नकोस

दिल्ली, १४ जून १९९९

चि. उपेंद्र यास दिल्लीहून ताईचे भरघोस आशीर्वाद.

मी मजेत आहे. इथल्या उन्हाने वाळले असेन, या आशेवर राहू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

तुझ्या सारोळ्याच्या टेम्पोवाल्याने परम्याच्या गुप्तरोगासाठी तुझ्या औषधांच्या दुकानातून तीनदा सिप्रोच्या गोळ्या नेल्या, तरी लघवीची जळजळ हटत नाही म्हणतोस. भिषग्वर, गोळी खोटी नाही. आमच्या प्रयोगशाळेत या रोगाच्या जंतूंच्या थरावर या औषधात भिजवलेली चकती ठेवतात. पूर्वी तिच्याभोवती जंतू मरत. आता पंगतीतल्या व्याह्यांसारखे तिला खेटून बसतात.

अप्पांचे वैद्यकीचे दुकान आठवते? असा रोगी आला की म्हणत, "आधी कारभारणीला घेऊन ये."

"तिला काय बी न्हाई झालं, वैद्यबुवा!"

"ते तिला सांगू दे."

आपण बरण्यांआड हसायचो. आज ते हसू आठवून लाज वाटते.

टेम्पोवाल्याच्या बायकोला सातवा महिना आहे, हे तूच लिहिलेस. त्रास नसला तरी नवऱ्याकडून तिलाही लागण झालेली असू शकते. जन्मताना बाळाच्या डोळ्यांत हे जंतू गेले तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा चौथ्यांदा गोळ्या देऊ नकोस. दोघांना पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पाठव. इंजेक्शन अजून लागू पडते. तो लाजला तर सोबत जा. एक दिवस तुझे दुकान बंद राहिल्याने भोरात कुणी मरत नाही.

तुझी,
सौदामिनीताई