मशीन कोण थांबवतं?

प्रिय धैर्यशील,

फोनवर बोलायला जावं तर आबा जवळच असतात, आणि मेसेजमध्ये हे मावायचं नाही. म्हणून पत्र.

गेले काही आठवडे आपलं नवं सीएनसी मशीन काम चालू असताना मधेच थांबत होतं. बिघाड सापडेना. खरं सांगू, पहिला संशय मला तुझाच आला. पुण्यात बसून क्लाउडवरून तू मशीन चालवतोस, थांबवतोस. मागं आबांशी भांडताना तू म्हणालास, वर्कशॉप विकून टाका. ते माझ्या डोक्यातून जाईना. तू सहज चौकशी केलीस तरी मी त्यात काहीतरी शोधायची.

मग रस्ता खोदताना उद्यमनगरातली केबल तुटली. इंटरनेट बंद, म्हणजे तुझा हात इथवर पोचेना. मशीन भिंतीवरच्या एज कंप्युटरवर इंटरनेटशिवायही आपलं चालू होतं, आणि दुपारी तरीही थांबलं. म्हणजे थांबवणारा आपल्याच छपराखाली होता. आबांनी लगेच कृष्णातला धरलं. मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, पण शेजारच्या कारखान्यात त्याचं नोकरीचं बोलणं चाललंय असं त्यांच्या कानावर आलं होतं. मीही त्याच्यावर चोरून नजर ठेवायला लागले. तो फोन घेऊन बाहेर गेला की मी दाराशी जाऊन उभी राहायची.

सोमवारी आबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. कृष्णात हात पुसायला लागला. गलका ऐकून आई माडीवरून खाली आली. दिवाळीत तू हौसेनं तिच्या फोनवर मशीन चालू-बंद करायचं ते ॲप घालून दिलं होतंस ना, घरच्या वायफायवर चालणारं? तिनं फोन काढला, बोट टेकवलं, आणि मशीन थांबलं.

"ह्यानं न्हाय, मी बंद केलं," ती आबांना म्हणाली. "मशीन थांबलं की तुम्ही बसताय. माझ्या सांगण्यानं कधी बसलाय?"

स्टूल कृष्णातनंच पुढं केलं.

नंतर आईनं मला सगळं सांगितलं. आबांच्या छातीत दुखतं. मशीनला धरून उभे राहतात, ते तिला माडीच्या खिडकीतून दिसायचं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, ते नको म्हणतात. तुला कळू द्यायचं नाही, अशी आबांनी तिला शपथ घातलीय. शपथ तिला आहे, मला नाही. ते माझं ऐकत नाहीत, तिचं तर नाहीच. भांडतात तुझ्याशी, पण ऐकतील तुझंच. हे वाचलंस की निघ.

वाट बघणारी, तुझीच,
तेजस्वीताई