हरल्याचा दाखला

ती. आत्यास, पत्त्यांवर पोट भरणाऱ्या तुझ्या एकुलत्या एक भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला? इकडे मी धडधाकट आहे, पण सोमवारपर्यंतच. सोमवारी हरल्याचा पुरावा दिला नाही, तर फ्लॅट विकून कर भरायचा आणि मेव्हण्याच्या दुकानात फरशा मोजत बसायचं. (मेव्हणा आत्तापासूनच मला ‘या, या’ करतोय. एरवी बसा म्हणत नाही.)

झालं असं, की यंदा बायकोने हट्टच धरला, सगळं कसं कायदेशीर पाहिजे. कराच्या फॉर्मवर धंद्यांची यादी होती. त्यात मेंढपाळ होता, जादूगार होता, पोकर खेळणारा नव्हता. करसल्लागाराने मला ‘इतर’मध्ये टाकलं. चौदा वर्षं घाम गाळून शेवटी इतर! खर्चात मी काळा चष्मा आणि बसायची उशी दाखवली. उशी मान्य झाली, चष्मा नाही.

मग अधिकाऱ्यांसमोर हजेरी. जिंकलेले पैसे बँकेत दिसत होते. हरलेले काही रोखीने गेले, काही कॉम्प्युटरवर टोपणनावांकडे, ते कुणाच्या नावाने दिसणार? साहेब म्हणाले, हरल्याचा पुरावा आणा, नाहीतर जिंकलेल्या सगळ्यावर कर. आता आमच्या धंद्यात समोरच्याचा चेहरा वाचणं हीच खरी विद्या. साहेबांनी नाक चोळलं. नाक चोळणारा माणूस थाप मारत असतो, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो. तेव्हा मी थापेवर थाप चढवली. खुर्चीत रेललो आणि म्हणालो, ‘लिहा साहेब, गेल्या वर्षी मी हरलोच नाही!’ वाटलं, आता घाबरून पत्ते टाकतील. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं, आणि शिंकले. सर्दी झाली होती गं त्यांना! पुढचा अर्धा तास हातापाया पडून सोमवारची मुदत मिळवली.

मग ज्यांच्याकडे हरलो त्यांची दारं धरली. दाताच्या डॉक्टरने गेल्या वर्षी मला पार धुतलं होतं आणि सहा महिने गावभर सांगत फिरला होता. आता पेशंटच्या उघड्या तोंडावर ओणवा होऊन म्हणतो, ‘मी जिंकलो? छे हो, मला राजा कुठला नि गुलाम कुठला ते कळत नाही.’ ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने तर, तो कधीच जिंकला नाही म्हणून माझ्याचकडून लिहून मागितलं. घ्या! म्हणजे मी हरलो, पण जिंकलं कुणीच नाही. आमच्यात हरलेला माणूस पत्ते पालथे टाकून उठतो, कुणाला दाखवत नाही. ती ऐट अशी अंगाशी आली. आत्या, खरंच सांगतो, भीती वाटते. मला दुसरं काहीसुद्धा येत नाही.

तू पत्त्यांचं नाव निघालं की कानांवर हात ठेवतेस, म्हणून तुला काही मागत नाही. नुसतं मन मोकळं केलं. तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता. क. १ : गेल्या वर्षी मी सगळ्यात जास्त हरलो ते कॉम्प्युटरवर, ‘गरीब गाय’ नावाच्या खेळाडूकडे. साहेब म्हणतात, टोपणनाव चालणार नाही, सही करणारं माणूस हवं. मागच्या मंगळवारी तुझ्या बाहेरच्या खोलीत बसून मी मोबाइलवर गरीब गायीशी खेळत होतो. ऐन डावात तिने लिहिलं, ‘थांबा, दूध उतू गेलं.’ आणि आत्या, तुझ्या स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

ता. क. २ : सोबतच्या कागदावर सही कर. आतोबांना मी काही बोललेलो नाही. त्यांना वाटतं तू कॉम्प्युटरवर विणकाम शिकतेस. परवाच विचारत होते, तीन वर्षं झाली, स्वेटर कुठवर आला?

ता. क. ३ : तुझ्या सहीने माझा कर जेवढा उतरेल तेवढा तुझा चढेल, असं करसल्लागार म्हणतो. त्याचा नंबर मागे लिहिला आहे. दोघांचं एकदम केलं तर फी कमी घेतो.